बाटलीतलं लाल फळ

कागल, २० ऑगस्ट २००७

डॉक्टरनं तुझ्या सुनेला, पवित्राला, लघवीच्या जळजळीवर सात दिसांच्या गोळ्या दिल्या, तू दोनच दिस खाऊ दिल्यास. उरलेलं पाकीट कपाटात कोंडलंस आणि पोटुशा पोरीला तू बायका जोडून माल खपवतीस त्या चेनमधल्या क्रॅनबेरीच्या कॅप्सुला चारायला लागलीस. हे आधी. आता आशीर्वाद घे.

चि. नीलम्मास अव्वाचा आशीर्वाद. हिकडं सगळी बरी हायत. फोन केला की तू ठेवून देतीस, म्हणून तिसरीतल्या अक्षरात लिवते.

पंचमीला पोरगी दोन दिस माहेरला आली. लघवीला जाताना दातओठ खाती. पाणी पी म्हटलं तर घोटभर पिऊन तांब्या खाली ठेवती. खोदून विचारलं तवा कळलं. तुझ्यात संडास यंत्रमागांच्या पल्याड. दहा गड्यांच्या मधनं जायची लाज, म्हणून दिवसभर पाणीच पीत न्हाय. आतनं आग पडणार न्हाय तर काय?

वर तिला तुझ्या मिटिंगीत उभी करतीस, डॉक्टरबिगर बरी झाले म्हणून सांगायला. बाटलीवरचं फळ करवंदागत दिसतंय. करवंदंच चारायची हुती तर चंदगडासनं पाटी मागवली असती.

ती आपल्या अण्णासोची, तुझ्या सख्ख्या भावाची पोर. आत्याच सासू हुईल म्हणून तुझ्या रुद्रेशाला द्यायचा शब्द मी दिला. परक्यात दिली असती तर लोकांच्या भ्यानं तरी नीट वागवली असती.

गोळ्या काढून दे. माझ्यावर लोभ नसला तरी चालंल, पोरीला पाणी पाज.

तुझी अव्वा


कबनूर, २४ ऑगस्ट २००७

ती. अव्वास नीलम्माचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रुद्रेशनं मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी ऐकलं. तुला तेच पाहिजे होतं.

त्या गोळ्या गरम असतात, पोटातल्या बाळाला बाधतात. हे तर फळ आहे, साईड इफेक्ट काही नाही. पवित्राला फरक आहे, तिनं स्वतः चार बायकांत सांगितलं. थोडी कणकण आहे, कंबर दुखते, ते पावसापाण्याचं.

संडासाचं म्हणशील तर मी चोवीस वर्षं तिथंच जाते. मला काय झालं? पोरगी द्यायच्या आधी तू घर बघून गेलीस की. तेव्हा संडास दिसला नाही?

रविवारी पुण्याहून कंपनीचे मोठे साहेब मिटिंगला येणार आहेत. पवित्रा बोलणार आहे. ते झालं की विश्रांतीला पाठवते. राग गिळ आणि लेकीवर माया असू दे.

तुझी नीलम्मा


कागल, ३ सप्टेंबर २००७

नीलम्मा,

संडास दिसला हुता. चालंल म्हटलं. तेवढा दोष माझ्याकडं लागला. आता तुझं ऐक.

पोरगी साहेबाम्होरं थडथडत बोलली आणि खुर्चीवर बसायच्या आत पडली. हे तू कळवलं न्हाईस, अण्णासोला दवाखान्यातनं फोन आला. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीचं इन्फेक्शन वर किडनीत गेलं. पोटुशीला चालणाऱ्याच गोळ्या दिल्या हुत्या, त्या पुऱ्या घ्यायला पायजे हुत्या. झालेला रोग फळानं जात न्हाय.

बाळ गेलं. पाचवा म्हैना हुता. मुलगा हुता. तुला ठावं असावं म्हणून लिवते.

पवित्रा रडत न्हाय. तापात तुझ्या मिटिंगीतलं भाषण बडबडत हुती. पाठ हाय तिला, मला बरं वाटलं, मला बरं वाटलं. ती हितंच ऱ्हाणार, रुद्रेशाला धाडू नको.

तुझ्या चेनमधली बायडाबाई बघायला आली हुती. तिच्या पिशवीत तीच बाटली, लेकीसाठी घेतल्याली. पवित्राचं ऐकूनच घेतली म्हणाली. ती मी काढून घेतली आणि लेकीला आजच डॉक्टरकडं ने म्हणून सांगितलं. बाटली घेतल्याल्या बाकीच्या बायकांच्या दारांत तू जायचं. सून बरी झालीच न्हवती, आणि नातू घालवला, असं तुझ्या तोंडानं सांगायचं.

मग पत्र धाड. पण तू लिवायचं न्हाय, रुद्रेशानंबी न्हाय. तू दारोदार जाऊन आलीस का, ते बायडाबाईनं लिवायचं.

अव्वा