आरा मशीनमधला तिसरा हिस्सा

अब्बा, आज आपली लाकूड कापायची आरा मशीन बंद आहे, म्हणून आलापल्लीची ही गल्ली शांत आहे आणि मी लिहायला बसले आहे. घरात आपण हिंदी-मराठी मिसळूनच बोलायचो. पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहिताना हीच भाषा येते. सुनेनं सासऱ्याला एवढं लिहिण्याचा रिवाज आपल्याकडे नाही. तुम्ही जिवंत असतात तर मीही लिहिलं नसतं.

तुमचा मोठा मुलगा, माझा नवरा, भामरागडच्या रस्त्यावर ट्रक उलटून त्यात गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ती सकाळ. मी भाकरी थापते आहे. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात, भुवयांवर सागाचा भुसा. म्हणता, "बेटा, बापाच्या आधी लेक मेला तर त्याच्या बायको-पोरीले आपल्या कायद्यात काई नाई भेटत. सगळं जित्या लेकाकडे जाते. पण तिसरा हिस्सा मले मृत्युपत्रात ज्याले पायजे त्याले देता येते. मशीनीत माझा जो अर्धा वाटा आहे, त्यातला तिसरा हिस्सा तुझ्या नावानं लिहून राह्यलो."

मी दिराबद्दल विचारलं, "धाकट्या भाईले सांगितलं काय?"

"सांगीन," म्हणालात. तव्यावरची भाकरी करपत होती, ती बोटांनीच उलटलीत आणि निघून गेलात.

तुम्ही सांगितलं नाहीत, अब्बा. दिवस गेले, मग तुम्हीच गेलात. चाळीसावा दिवस झाल्यावर वकिलांनी बाहेरच्या बैठकीत मृत्युपत्र वाचलं, तेव्हा माझ्या दिराला पहिल्यांदा कळलं. मी पडद्याआडून त्यांचा चेहरा पाहत होते. ते भांडले नाहीत. "अब्बानं लिहिलं ते बराबर आहे. सही कुठी करू?" एवढंच म्हणाले. लोक उठल्यावर मात्र अंगणात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "भाभी, मी भावाच्या पोरीले उपाशी ठेवलं असतं, असं वाटलं काय अब्बाले?"

बाप गेल्यापासून तुमची नात याच माणसाच्या खांद्यावर झोपायची. तापानं फणफणली तेव्हा पावसात तिला छातीशी बांधून दवाखान्यात नेलं होतं ते त्यांनीच. हिस्सा कमी झाल्याचं दुःख त्यांना नव्हतंच. बापानं आपल्यावर भरवसा ठेवला नाही, हे त्यांच्या मनात रुतून बसलं. हळूहळू ते मशीनवर यायचे बंद झाले. आपला वाटा त्यांनी मशीनचा दुसरा अर्धा वाटा ज्यांचा, त्या तुमच्या भागीदाराला, भाऊंना, देऊन टाकला आणि बायको-मुलांना घेऊन चंद्रपूरला गेले. तिथे ते दुसऱ्याच्या फर्निचरच्या दुकानात काम करतात. ईदला येतात, बैठकीतच बसतात, शीरखुर्मा घेतात, पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि संध्याकाळच्या आत परततात. आतल्या घरात ते पुन्हा कधी जेवले नाहीत.

भाऊंनी मला सांभाळून घेतलं. "सूनबाई, तूच बस इथी. तुझ्या सासऱ्याची जागा रिकामी पायली का मले करमत नाई," म्हणाले. मी वनखात्याच्या लाकूड डेपोतल्या लिलावाला जायला शिकले, लाकडाची आतली पोकळी ठोकून ओळखायला शिकले. तुमची नात शिकली, गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स झाली. तुमच्या हिश्शानंच हे झालं. विसरलेले नाही. पण एका घराची दोन घरंही त्यानंच झाली, अब्बा, आणि तेही विसरता येत नाही.

आता माझंही मृत्युपत्र करायची वेळ आली आहे. डॉक्टरांनी सांगितलं ते चांगलं नाही. मलाही तिसराच हिस्सा देता येतो आणि तो दिराला द्यायचा, हे मी ठरवलं आहे. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "चाच्चूले द्या, अम्मी. पण या वेळी तोंडानं सांगा."

तेच तर करायचं होतं. त्यांना समोर बसवून सांगायचं होतं की अब्बांचा तुमच्यावर अविश्वास नव्हता. एका लेकाला माती दिलेला बाप दुसऱ्या लेकाशी आपल्या मरणाचं बोलायला घाबरत होता. काल मी फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. "बोला, भाभी."

मी विचारलं, तिकडे पाऊस आहे का. ते म्हणाले, आहे. मग मीच फोन ठेवला.

तुम्ही त्यांना का सांगितलं नाहीत, हा राग मी इतकी वर्षं मनात धरून होते. काल मलाही जमलं नाही, अब्बा.