सदनिका क्र. ४०३ मधील स्नानगृहास दार मिळणेबाबत

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नवीन गृहसंकुले विभाग,
दुसरा मजला, खोली क्र. ११

विषय : नवीन सदनिकेच्या स्नानगृहास दार बसविण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच दार नसल्याबद्दल घेतलेले शुल्क परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) बांधकाम कंपनीच्या विक्री कार्यालयाचे पत्र, 'अंतिम रक्कम'.
२) त्याच कार्यालयाचे पत्र, 'अंतिम रकमेत समाविष्ट नसलेली रक्कम'.
३) त्याच कार्यालयाचे पत्र, 'वरील दोन्ही पत्रांवरील प्रक्रिया शुल्क'.

महोदय,

प्रारंभीच विनयपूर्वक निवेदन करतो की, प्रस्तुत अर्जात एका दाराची, किंबहुना दाराच्या अभावाची, हकिकत आरंभापासून आजमितीपर्यंत सत्याला धरून कथन करण्यात येणार आहे. मजकूर लांबला आहे याची अर्जदारास जाणीव आहे. आपल्या आवक खिडकीवरील लिपिक भाऊसाहेबांच्या सूचनेवरून मी प्रथम थोडक्यात लिहिले होते. ते वाचून त्यांनीच "म्हणजे नक्की झालं काय?" असे विचारले. सबब, नक्की झाले काय ते लिहितो.

१. अर्जदार व्यवसायाने शिंपी असून शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे. पुढील ज्ञान गिऱ्हाइकांच्या सहवासात व वाचनाने संपादन केले. दुकानामागील एका खोलीत मी, पत्नी, मुलगी व माझे वडील एकोणीस वर्षे राहिलो. तेथे सहा बिऱ्हाडांत मिळून एक न्हाणी होती व बाहेर सदैव कोणीतरी बादली घेऊन उभे असे. माझे वडीलही शिंपीच. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येते. त्यांनी जन्मात माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली. ती अशी, की आतून कडी लावून, घाई न करता, रोज अंघोळ करता यावी. ही सदनिका त्यासाठी घेतली. बाकी खोल्या स्नानगृहासोबत आल्या.

२. खरेदीपूर्वी कंपनीने आम्हांस नमुन्याची सदनिका दाखविली. तेथे मी माझ्या फितीने सर्व मापे स्वतः घेतली. स्नानगृहाची वाट सात फूट उंच व अडीच फूट रुंद, अशी वहीत नोंद आहे. त्या वाटेला दार नव्हते, ही बाब माझ्या ध्यानात आली नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. याचे कारण माझ्या धंद्यात आहे. शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला कपडे घालून पाहण्यासाठी जो कोपरा असतो, त्याला दार कधीच नसते, पडदा असतो. अशी वाट दिसली की माझ्या मनात आपोआप पडद्याचे कापड किती लागेल याचा हिशेब सुरू होतो. त्या दिवशीही तसेच झाले. सव्वातीन मीटर, चुण्या धरून.

३. ताबा मिळाला तेव्हा सदनिकेस एकच दार होते, ते प्रवेशाचे. आत शिरल्यावर घर एखाद्या मोठ्या बाहीसारखे आरपार दिसत होते. मी विक्री अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांना आमच्या इमारतीत सर्वजण हसमुख साहेब म्हणतात. ते हसून म्हणाले, "काका, ही मोकळी रचना आहे. लोक हिच्यासाठी जादा मोजतात." मला ती नको आहे असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "असं कसं, जादा तर तुम्ही मोजलेलेच आहेत," आणि त्यांनी संदर्भ क्र. २ मधील 'मोकळेपणा शुल्क' या ओळीवर बोट ठेवले.

दार हवे असल्यास दाराचे पैसे वेगळे, चौकटीचे वेगळे, बिजागऱ्यांचे 'हालचाल साहित्य' या नावाखाली वेगळे, आणि 'मोकळेपणा रद्द शुल्क' त्याहून वेगळे. शिवाय दार बाहेर उघडताना जेवढ्या जागेतून फिरेल ती पाच चौरस फूट जागा इतके दिवस रिकामी म्हणून विकली होती, ती आता वापरातील जागा झाली, सबब फरकाची रक्कम भरावी. मी विचारले, आत उघडले तर? ते म्हणाले, "आत उघडलं तर बादलीला लागेल. बादली मात्र तुम्ही फुकट हलवू शकता." एवढी एक सवलत कंपनीने दिली, हे अन्याय होऊ नये म्हणून नमूद करतो.

४. ही रक्कम माझ्या दुकानाच्या सात महिन्यांच्या शिलाईइतकी होती. म्हणून मी ओळखीचा सुतार, फळी व कडी घेऊन आणला. फाटकावरील रखवालदाराने सुतारास आत सोडले, फळीस सोडले नाही. पहिले वर्षभर कंपनीच्या परवानगीविना घरात बदल करता येत नाही, असा करारात नियम आहे. सुतार म्हणाला, "तीस वर्षं दारं बसवतोय. दाराला पासपोर्ट लागतो हे आज कळलं." त्याची त्या दिवसाची मजुरी मला द्यावी लागली व ती रास्त होती.

५. अखेर मी पडदा शिवला. कापड जाड घेतले, खाली शिशाच्या गोळ्या घातल्या. तरीही खिडकीतून वारा आला की पडदा घरभर उडे. कंपनीने त्यास 'मऊ भिंत' ठरवून विनापरवाना भिंत उभारल्याबद्दल दंड केला. तो मी भरला.

पडद्याला कडी नसल्याने पत्नीने घरात नियम केला, की आत असलेल्या माणसाने सतत आवाज करावा. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते, ती हाडांची नावे म्हणे. मी छाती-कंबर-उंची अशी जुन्या गिऱ्हाइकांची मापे म्हणत असे. पत्नी नुसती खोकत असे. ही व्यवस्था तीन आठवडे सुरळीत चालली. एका मंगळवारी पत्नी आत पाय धूत असताना वडिलांनी पडदा सारला. ती खोकतच होती. त्यांना ऐकू आले नाही.

पत्नी त्यांना तत्काळ म्हणाली, "मामंजी, काही नाही हो, मी पाय धूत होते." परंतु वडील त्यानंतर सुनेसमोर मान वर करीनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॉवेल व कात्रीची पेटी उचलली आणि चार मजले उतरून दुकानामागील जुन्या खोलीत राहावयास गेले. लिफ्टने गेले नाहीत, कारण लिफ्टचे कार्ड माणशी विकत घ्यावे लागते व आम्ही तीनच घेतली होती. मी समजूत घालावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, "पन्नास वर्षं मी पडदा ओढतोय. त्याच्याआड माणूस पँट घालून बघतो. अंघोळ नाही करत." महोदय, मी एकटाच परत आलो.

६. वडील अकरा दिवस तिकडे होते. बाराव्या दिवशी पत्नी स्वतः गेली. तिने त्यांना सांगितले, "तुम्ही येत नसाल तर मीही इकडेच राहते. त्या घरात मग हे आणि यांचा पडदा सुखाने नांदू देत." वडील बऱ्याच महिन्यांनी हसले, असे ती सांगते. ते परत आले.

मार्गही पत्नीनेच काढला. घरास दार एकच आहे, तर तेच स्नानगृहाचे समजावे. त्यानुसार रोज सकाळी सहा वाजता मी, पत्नी व मुलगी जिन्यात जाऊन बसतो. वडील प्रवेशाच्या दारास आतून कडी लावतात. पहिल्या दिवशी ते दहा मिनिटांत बाहेर आले. आता पाऊण तास लागतो. मध्ये ते गुणगुणतात, ते जिन्यात ऐकू येते. मी त्यांना या आधी कधी गुणगुणताना ऐकले नव्हते.

७. मागील आठवड्यात कंपनीने 'सामाईक जागेत दैनंदिन बैठक' या सदराखाली तीन माणसांचे शुल्क लावले आहे. हेही भरण्यास माझी ना नाही. परंतु ज्याअर्थी स्नानगृहास दार नाही, आणि ज्याअर्थी प्रवेशाचे दार हेच स्नानगृहाचे दार म्हणून रोज वापरात आहे, त्याअर्थी सदर सदनिका ही संपूर्णतः एक स्नानगृह असून त्यात काही खोल्या व ओटा आहे, असे माझ्या अल्पमतीस वाटते.

तरी विनंती की, मला फळी आत नेण्याची परवानगी मिळावी. सुतार, कडी व फळी तयार आहेत. मोकळेपणा शुल्क परत मिळावे. हे शक्य नसल्यास सरकारी दफ्तरी सदनिकेची नोंद स्नानगृह म्हणून करून किंमत त्या दराने धरावी व उरलेली रक्कम द्यावी.

माझ्या पहिल्या, थोडक्यातल्या अर्जावरून आपल्या कार्यालयाकडून निरीक्षक साहेबांच्या पाहणीची वेळ येत्या सोमवारी सकाळी सव्वासहा अशी कळविण्यात आली आहे. वेळ बदलता येत नाही, असे लिपिक भाऊसाहेब म्हणाले. त्या वेळी आमचे दार आतून बंद असेल. वडिलांना हाक ऐकू जाणार नाही, आणि गेली असती तरी मी ती मारली नसती, याबद्दल क्षमा असावी. निरीक्षक साहेबांनी कृपया आमच्याजवळ जिन्यात बसावे. बसायला उशी ठेवतो. चौथ्या माणसाचे शुल्क मी भरीन.

सोबत : संदर्भातील तीन पत्रांच्या प्रती, दंडाची पावती, स्नानगृहाच्या वाटेची मापे, पडद्याच्या कापडाचा तुकडा.

आवक खिडकीपासून आपल्या मेजापर्यंत ज्या ज्या मंडळींनी हा अर्ज शेवटपर्यंत वाचला, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

आपला नम्र,
(सही)
चौथ्या मजल्यावरचा शिंपी
सदनिका क्र. ४०३