तियामिकेने वाचलेलं पत्र

नामालोवे, मुलांजे
२२ जून १९९६

प्रिय लोनेसताई,

तुझी तब्येत आता सावरत असेल. इथे आम्ही सगळी बरी आहोत. चिपेरोनी वाऱ्याची गार भुरभुर चार दिवस थांबलेली नाही, त्यामुळे तुरी वाळत नाहीत आणि आई चुलीपाशी बसून आभाळाला शिव्या देते. तुझी काळी कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

माझ्या पहिलीत आता एकशे त्रेचाळीस मुलं आहेत. फी माफ झाल्यापासून सगळा गाव शाळेत आला, पुस्तकं मात्र होती तेवढीच, अकरा. एकेका पुस्तकाभोवती बारा-तेरा मुलं जमिनीवर कोंडाळं करून बसतात. मी काठीने फळ्यावर दाखवते, ‘मा, मे, मी, मो, मू’, आणि सगळी एका सुरात अशी ओरडतात की मुख्याध्यापक खूश होऊन दारातूनच परत जातात.

ताई, इस्पितळात मी तुला सांगितलं की तुझं पत्र आम्हाला मिळालंच नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी खोटं बोलले. मिनीबसवाल्याने ते गुरुवारीच आईच्या हातात दिलं होतं आणि तू भरती होणार होतीस सोमवारी.

मी तेव्हा प्रशिक्षणाला झोंबाला गेले होते. शेजारची नाफिरी म्हणाली, “मास्तरीणबाई नाही म्हणून अडलंय का? नात आहे की! शिकून शहाणी झालीय, वाचू दे तिलाच.” तुझ्या तियामिकेने ओसरीत बसून कागद उलगडला, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं, “मी बरी आहे. आजीचं ऐक. नाताळला येईन, बूट आणीन.” कुठे अडखळली नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आईने तिला सगळ्यात मोठं रताळं दिलं.

तू लिहिलं होतंस, ‘आईला सोमवारच्या आत पाठवा. सोबतीला माणूस नसेल तर इथे माझी पेज कोण शिजवणार, नर्सला हाक कोण मारणार?’ कुणी आलं नाही. शेजारच्या खाटेवरल्या बाईच्या आईने तुला पेज दिली, आणि तुझं बाळही त्या परक्या बायकांनीच पुरलं.

परतल्यावर मी तियामिकेला ते पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. तिने ते माझ्या हातून घेतलं, नीट उलटं धरलं आणि तेच सगळं पुन्हा म्हटलं. वर्गात ती पुस्तकाच्या पलीकडच्या बाजूला बसते. वर्षभर तिला अक्षरं डोक्यावर उभी दिसली आणि मला ते कळलं नाही.

नाही, हेही खरं नाही. तिला वाचता येत नाही हे मला जानेवारीतच कळलं होतं. पण तू तिला ब्लांटायरहून माझ्या हवाली करताना म्हणाली होतीस, “मावशी मास्तरीण आहे, माझी पोर माझ्यासारखी लोकांची भांडी घासणार नाही.” तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तिची तुला आलेली तिन्ही पत्रं मी तिचा हात धरून लिहवून घेतली. प्रगतिपुस्तकावर ‘उत्तम वाचते’ हेही माझंच. पाठ म्हणणं म्हणजेच वाचणं, असं तिला वाटतं. तसं मीच शिकवलं.

आई तुझ्यावर रागावली आहे. “बरी आहे म्हणून लिहिते आणि एकटीच मरायला टेकते, आम्ही काय परके झालो?” म्हणते. पत्रात काय होतं ते मी तिला सांगितलेलं नाही. खरं सांगितलं तर पोरीला कळेल आपण काय केलं.

तीन आठवडे मी रोज तिला एकटीला घेऊन बसते. ती ‘मा’वर बोट ठेवते आणि एका दमात ‘मू’पर्यंत जाते. मधलं एक विचारलं की माझ्या तोंडाकडे बघते. वर्गात तिला अलीकडे बसवलं, तर दुसरी कुणीतरी पलीकडे जाते. मला यातून वाट दिसत नाही, ताई. तिला न्यायला आलीस तर मी अडवणार नाही.

नाताळ किती दिवसांवर आहे, असं ती रोज विचारते. बूट येणार, हे तिने स्वतः वाचलं आहे ना.

तिला म्हटलं, आईला तूही काहीतरी लिही. या वेळी हात धरला नाही. माझ्या सहीखाली आहे ते तिचं. मी कागद उलटा धरूनही बघितला. एकही अक्षर लागत नाही.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
एनिफा