दोन पिस्तुलं, वीस गोळ्या

पोर्टलीश, आयर्लंड, रविवार

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

इकडे सगळं, इथल्या लोकांच्या भाषेत, ग्रँड आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

हल्ली माझा नेम चुकतो. वाटलं, आपलं एअर पिस्तूल थकलं. नेमबाजीच्या क्लबातल्या डेक्लनकडे तिप्पट किमतीचं नवं आहे, ते मागून घेतलं. एवढ्या पैशांत जास्तीचं काय मिळतं, हे मला बघायचंच होतं. ट्रिगर काय हलका, बाबा! दोन्हींनी दहा-दहा गोळ्या झाडल्या. टार्गेटचे कागद सोबत पाठवतेय. कुठला कशाचा, ओळखून दाखवा. मला तर ओळखू येत नाही.

तेव्हा नवं घेत नाही. तुम्ही माझ्या हाताच्या मापाने मूठ घासून दिलेलं जुनंच बरं.

एक विचारू? तुमचा हात थरथरायला लागला, तेव्हा तुमचं वय काय होतं? एवढं आईला वाचून दाखवू नका.

तुमची,
वैदेही