नागिणीनं मला घराबाहेर काढलं

मळ्यातली खोली, समडोळी
मंगळवार

ती. स्व. सौ. अक्का यांस,

धाकट्या जवाहरचा शिरसाष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे, दाजींचा खोकला थांबला का, टेंभू योजनेचं पाणी तुमच्या शिवारात आलं की अजून पेपरातच वाहतंय, ते कळवा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची चाल आहे म्हणून लिहितो. खुशाल कुणी नाही, आणि मी तर मुळीच नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो (जन्मापासून ऐकतोय), त्यात दाजी स्पीकर लावतात, आणि मग तुमची अख्खी गल्ली मला औषधं सांगते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. काकांचा भरतेश उद्या डाळिंबाची रोपं बघायला आटपाडीला येतोय, त्याच्या हाती हे देतोय.

तर मला घराबाहेर काढलंय. मी बांधलेल्या घरातून, माझ्याच बायकोनं, चंदनबालानं, आणि पोटच्या पोरीनं. ब्राह्मी बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा लागलाय, रविवारी तिचं डोहाळजेवण आहे, आणि तिचा बाप मात्र मळ्यात पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खताच्या पोत्यांशेजारी पडलाय. गावात कुणाचं कुत्रं आजारी पडलं तरी त्याला ओसरीवर जागा मिळते.

सुरुवात पाठीपासून झाली. उजव्या बाजूला बरगडीखाली अशी आग, की आत कुणी मिरची वाटून भरली असावी. वर काही दिसत नव्हतं, पण बनियन लागला तरी जीव कळवळायचा. चंदनबालानं पाठ बघितली, काही दिसलं नाही, म्हणून गॅस ठरवला आणि ओवा चारला. (आमच्या घरात जे दिसत नाही ते सगळं गॅस असतं.) मग शेजारच्या मळ्यातले हंबीरराव आले. हा माणूस फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाला, पण फौजेनं त्याला अजून सोडलेलं नाही. उसण भरली हाय, म्हणाले, आणि मला पालथं पाडून गरम तेलानं असं रगडलं की मी शेजारच्या तीन मळ्यांना ऐकू गेलो. तरी दुखतंय म्हटल्यावर ब्राह्मी घाबरली आणि तिनं सांगलीला नेऊन माझा कार्डिओग्राम काढला. तो चांगला आला. चांगला आला म्हणून कुणाला आनंद झाला असेल तर तो मला दिसला नाही. घरी येईपर्यंत सगळे माझ्याकडे, मी त्यांना फसवल्यासारखं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोड उठले. लहान लहान, पाण्यानं भरलेले, द्राक्षाच्या घडासारखे एकाला एक लागून. पाठीपासून पोटाकडे नुसता पट्टा, आणि तोही फक्त उजव्या अंगाला. आता तरी विश्वास बसेल असं मला वाटलं. बसला, पण प्रत्येकाचा वेगळ्या गोष्टीवर. अंगावरून कोळी फिरला, असं एकानं सांगितलं. उसाचं पात कापलं, असं दुसऱ्यानं. मला स्वतःला बागेवरच्या औषध फवारणीचा संशय होता. एवढ्यात हंबीरराव आले, लांबूनच बघून म्हणाले, "गड्या, नागीण हाय ही. लय वंगाळ," आणि चार पावलं मागं सरकले. आदल्या दिवशी ह्याच माणसानं दोन्ही गुडघे माझ्या पाठीवर ठेवले होते.

त्यानंतर चंदनबालानं तुम्हाला फोन लावला. तुम्ही काय सांगितलं ते तुम्हाला आठवत असेलच, पण लेखी असावं म्हणून लिहितो. गेरू तुपात कालवून जाड थर द्यायचा, डॉक्टरकडे न्यायचं नाही (डॉक्टरला नागिणीतलं काय कळतं), आणि रोज दोरीनं मोजायचं, कारण नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की माणूस संपला. अक्का, दुखणाऱ्या माणसाला हे स्पीकरवर ऐकवायचं असतं का? चंदनबालानं लगेच दोरी आणली. संध्याकाळी मोजलं, सकाळी मोजलं, तर दोरी अपुरी. घरात रडारड झाली. कुणाच्या डोक्यात आलं नाही की आदल्या संध्याकाळी मी उपाशी होतो, आणि सकाळी भेटायला आलेल्यांनी मला पोटभर शिरा खायला घातला होता. नागीण वाढली नव्हती, पोट वाढलं होतं.

भेटायला येणाऱ्यांबद्दल तर काय लिहू. बिस्किटाचा पुडा आणायचा, खुर्चीत बसायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं, आणि मग आवाज खाली आणून म्हणायचं, "आवं, दाखवा की जरा." मी दिवसभर सदरा वर करून उभा. समडोळीत माझी पाठ न बघितलेला माणूस आता सापडायचा नाही. दहिवडीकडचे मेंढरं घेऊन आलेले धनगर आमच्या रानात बसले होते, तेही बघून गेले. त्यांनी निदान तोंडात बोट घातलं. आपल्या पाव्हण्यांनी तुलना केल्या. अमक्याची याहून मोठी होती म्हणे.

शेवटी ब्राह्मीनं आवाज चढवला आणि मला सांगलीच्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर स्वप्नाली म्हणून आहेत, वयानं तिच्याएवढ्याच. त्यांनी आधी विचारलं, हा रंग कुणी दिला. मी तुमचं नाव सांगितलं नाही. (मोठी बहीण म्हणून. पण जिभेवर आलं होतं.) तो गेरू भिजवून भिजवून काढताना माझं जे झालं ते मी वैऱ्यालाही सांगणार नाही. मग त्यांनी समजावलं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्याचा विषाणू अंगातून जात नाही, पाठीच्या शिरेत झोपून राहतो, आणि वय झालं, ताकद कमी झाली की त्याच शिरेच्या वाटेनं वर येतो. म्हणून आधी आग, मग फोड, आणि एकाच अंगाला, कारण ती शीर तेवढ्याच अंगाला असते. तोंड, शेपूट, वेटोळं, काही नाही. फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर चांगलं, तुम्ही जेमतेम पोचलात, असंही म्हणाल्या. आणि लहानपणी कांजिण्या कुणाकडून आल्या, हे त्यांनी विचारलं नाही तरी मला ठाऊक आहे. तुम्हाला आधी झाल्या होत्या, आणि तुम्ही मला कडेवर घेऊन हिंडत होता. म्हणजे ही नागीण मूळची तुमची, मी फक्त सांभाळली.

गोळ्या दिवसातून पाच वेळा, शेवटची झोपताना. आपल्या घरात सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट नाही, हे त्या बाईंना काय माहीत. पाचही गोळ्या दिवस आहे तोवर उरकल्या तर चालेल का, असं चंदनबालानं त्यांना विचारलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी तिनं बस्तीत दर्शनाला जाऊन तिथल्या पंडितांना विचारलं. आजारपणात औषधाला सूट आहे, असं ते म्हणाले, तेव्हा कुठं चंदनबाला निवळली. तरी शेवटची गोळी मी भिंतीकडे तोंड करून चोरासारखा घेतो.

इथवर सगळं मी सोसलं. पण उठता उठता डॉक्टरांनी ब्राह्मीच्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, हिला कांजिण्या येऊन गेल्यात का? चंदनबाला म्हणाली, नाही. मी म्हटलं, आल्या असतील. ब्राह्मीला आठवेना. डॉक्टर म्हणाल्या, येऊन गेल्या असतील तर काळजी नाही, पण नसतील तर फोडांतल्या पाण्यातून तिला कांजिण्या होऊ शकतात, आणि पोटुशीला त्या बऱ्या नाहीत. रक्त तपासू. रिपोर्ट येईपर्यंत, नाहीतर फोडांवर खपली धरेपर्यंत, यांनी लांब राहायचं, टॉवेल-कपडे वेगळे. एवढं ऐकल्यावर चंदनबालानं मला गाडीतून घरी उतरूच दिलं नाही. गाडी थेट मळ्यात.

तेव्हापासून डबा बांधावर येतो. गड्यासारखा मी तो उचलतो. संध्याकाळी ब्राह्मी गच्चीवर फिरते, ती इथून एवढीशी दिसते. ती हात करते, मीही करतो, आणि मग आत येऊन डॉक्टरवर, हंबीररावांवर आणि तुमच्यावर क्रमानं चिडतो. डोहाळजेवणाचा झोपाळा मी स्वतः रंगवलाय, फळी घासून गुळगुळीत केली, कारण पोर त्यावर बसणार. तो भरतेश येऊन घेऊन गेला. बायकांच्या कार्यक्रमात बापाचं काय काम, असं चंदनबाला फोनवर म्हणते. काम काही नसतं, अक्का. बापानं दारात उभं राहून बघायचं असतं, तेवढंच. तेवढंही मला मिळणार नसेल तर मी कुणाला माफ करणार नाही.

दाजींना नमस्कार. गल्लीला काही नाही.

तुमचा,
जवाहर

ता. क. : खरं काम पुढेच आहे. ब्राह्मी दुसरी-तिसरीला दोन वर्षं तुमच्याकडे होती. एका उन्हाळ्यात तुम्ही कळवलं होतं, महिनाभर येऊ नका, घरात पाव्हणे आहेत. आटपाडीत उन्हाळ्यात महिनाभर कोण पाव्हणा राहतो? तिला तेव्हा कांजिण्या आल्या होत्या का, एवढं भरतेशच्या हाती लेखी कळवा. मी रागावणार नाही. आणखी रागवायला जागाच उरलेली नाही.

आणखी ता. क. : आत्ताच फोन आला. रिपोर्ट आलाय. ब्राह्मीला कांजिण्या पूर्वीच होऊन गेल्यात, धोका नाही. म्हणजे ते पाव्हणे कोण होते ते कळलं. पोरगी आजारी असताना बापाला येऊ दिलं नाही तुम्ही, का, तर तो घाबरून तिला घेऊन जाईल म्हणून. हे रविवारी समोरासमोर बोलू. पत्राची आता गरज नाही, पण एवढं लिहिलंय ते वाया कशाला घालवू. ब्राह्मी मला न्यायला येतेय, भरतेशकडे तीच देईल.

आत्ती, पाकीट मी उघडलं. खाली जागा होती म्हणून लिहिते. मला फक्त कडुलिंबाचा पाला आणि माझ्या उशाशी तुम्ही बसलेल्या, एवढंच आठवत होतं. गोवर होता की कांजिण्या, ते कळत नव्हतं. पप्पांचे फोड सुकत आलेत, पण आतली कळ जात नाही. डॉक्टर म्हणाल्या, काहींना महिनोन्‌महिने राहते, त्याची वेगळी गोळी चालू आहे. पप्पा मला दुखत नाही म्हणतात. बसले की हात आपोआप बरगडीकडे जातो, आणि मी बघितलं की काढून घेतात. पण मी न्यायला गेले तेव्हा ते ह्या पत्राचं शेवटचं ता. क. लिहीत होते, आणि दारात उभी राहून मी बघत होते, हात एकदाही तिकडे गेला नाही. भांडत असले की त्यांना दुखत नाही. म्हणून एक काम करा. रविवारी आल्यावर माफीबिफी मागू नका. गेरूची पुडी तेवढी घेऊन या. लावायची नाही, नुसती त्यांना दिसेल अशी ठेवायची.