दादा, तुझा गेम मेला नव्हता

दादा,

तुझा जुना हातातला व्हिडिओ गेम टीव्हीजवळ चार्जिंगला लावलाय. मी टाकलेल्या कस्टम फर्मवेअरमुळे, म्हणजे त्याच्या आतल्या बदललेल्या सिस्टममुळे, तो मेला म्हणून तू घर डोक्यावर घेतलं होतंस ना? फर्मवेअर ठणठणीत आहे. ढिला होता तो तू स्वस्तात आणलेला मेमरी कार्डाचा अडॅप्टर. दुसरा घातला, पठ्ठ्या लगेच जागा झाला. तू सेव्ह केलेलं सगळं जागच्या जागी आहे.

एवढंच कर, खेळून झालं की पॉवरचं बटण एकदाच सरकवून सोड, म्हणजे तो नुसता झोपतो. धरून ठेवलंस तर पूर्ण बंद होईल आणि फर्मवेअर पुन्हा सुरू करावं लागेल. तसं झालंच तर आरडाओरडा न करता दुकानात ये, करून देते.

हो, दुकानात. चौकातल्या मोबाइल रिपेअरवाल्या काकांनी मला आजपासून कामावर घेतलंय. तू तुझ्या ऑफिसात माझ्यासाठी ठरवलेल्या मुलाखतीला मी जाणार नाही. आईला सांगितलंय, बाबांना तू सांग.

आणि तुझ्या साहेबांनी कारण विचारलं, तर चारचौघांत माझ्याबद्दल जे म्हणतोस तेच त्यांनाही ऐकव: ही हात लावेल त्याचं वाटोळं करते.

बारकी