बंड्याचे पंजे आणि संतोषचा पेला

मंगळवार, संध्याकाळ

बंड्या पंजे चाटतोय. आत्ताही, टेबलाखाली. बोटांमधली कातडी लालबुंद झालीय. संतोष गेल्यापासूनच हे सुरू झालं, म्हणून सासूबाई येईल त्याला सांगतात, "माझ्या लेकासाठी झुरतंय बघा कुत्रं." मीही मानलं होतं. बरंच वाटायचं. नवरा वारला तरी मला रडू येत नाही, निदान घरातलं कुणीतरी झुरतंय.

आज डॉक्टरांनी पंजे बघितले आणि सरळ म्हणाले, "अ‍ॅलर्जी हाय ही. खाण्यात नवीन काय सुरू केलंय?"

दूध. गवळी येऊन गेला की सासूबाई अजूनही संतोषचा पेला भरतात आणि आता तो बंड्याला पाजतात.

"बंद करा. थेंबभरसुद्धा न्हाय द्यायचं."

म्हणजे झुरत वगैरे नव्हताच. वाईट वाटायला हवं होतं का? काहीच वाटलं नाही. रिक्षात एवढंच डोक्यात, की सासूबाईंना सांगायचं कसं.

नाही सांगितलं. मघाशी त्यांनी पेला भरला, "बंड्या, ये रं," म्हणून हाक मारली. "द्या, मी पाजते," म्हटलं आणि पेला मागच्या दारी नेला. बंड्या मागोमाग. ओतून टाकायला हात धजेना. उभ्या उभ्या मीच प्यायले. लहानपणापासून मला दुधाचा वास सहन होत नाही. आज वाससुद्धा आला नाही.

रिकामा पेला परत दिला.

"प्यालं व्हय सगळं?"

"व्हय."

"गुणाचं गं माझं लेकरू."

बंड्या माझ्या ओठांकडं बघत राहिला. मग परत पंजा.

उद्याही मलाच प्यावं लागणार.